कानाचे ऐकू नका, काट्यांचे ऐका!

दादर स्थानकात लोकल थांबलेली असते. शेजारच्या रुळावर दुसरी लोकल उभी असते. खिडकीतून बाहेर पाहता पाहता एकदम वाटते, निघाली आपली गाडी! पण क्षणात पलीकडची गाडी पुढे निघून जाते, तिच्यामागचा फलाट दिसतो आणि कळते, की आपण जागच्या जागीच आहोत. मुंबईकराला हा अनुभव नवा नाही. थोडे हसू येते आणि विषय तिथेच संपतो.

हीच फसगत रात्रीच्या वेळी, समुद्रावर, दीडशे मीटर उंचीवर झाली तर? तिथे चूक दाखवून द्यायला फलाट नसतो. खाली काळे पाणी, वर काळे आकाश आणि दोन्हींना वेगळे करणारी क्षितिजाची रेषा गायब. अशा वेळी वैमानिकाचे शरीर त्याला ठामपणे सांगते, की आपण सरळ चाललो आहोत. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर एका बाजूला कलून पाण्याकडे निघालेले असते.

गिरगाव चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना किनाऱ्याच्या कडेने जाणारी हेलिकॉप्टर ओळखीची आहेत. कुलाब्यात नौदलाचा ‘आयएनएस शिक्रा’ हा हेलिकॉप्टर तळ आहे. उत्तरेला जुहूच्या विमानतळावरून समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरांची ये-जा चालते. ३ मे २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरनी परळच्या केईएम रुग्णालयावर फुले उधळली, तेव्हा तर आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोकांनी माना वर केल्या होत्या. वर पाहणाऱ्याला पंख्याची घरघर ऐकू येते. आतल्या माणसाला स्वतःच्याच शरीराशी केवढे भांडावे लागते, हे मात्र खालून दिसत नाही. हेलिकॉप्टर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रशिक्षण आणि त्याला बांधून ठेवणारे नियम यांचा मोठा भाग या भांडणासाठीच असतो.

फुगडी थांबली तरी घर फिरते

मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट ठाऊक असते. फुगडी थांबली तरी घर फिरत राहते, तेही उलट्या दिशेने. याचे कारण कानाच्या आत आहे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके फिरले की नलिका फिरतात, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. त्याच्या दाबाने तिथल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला ‘आपण फिरतो आहोत’ असा निरोप जातो.

अडचण अशी, की एकाच वेगाने फिरत राहिलो तर साधारण १५ ते २० सेकंदांत द्रवही नलिकांच्या वेगाने फिरू लागतो. पेशी पुन्हा सरळ होतात. मेंदूच्या दृष्टीने फिरणे थांबलेले असते. आता खरोखर थांबलो तर द्रव पुढे धावतो, पेशी उलट्या बाजूला वाकतात आणि मेंदूला वाटते, की आपण उलटे फिरू लागलो. फुगडीनंतर पदर सावरत भिंतीला टेकणे हा त्यावरचा घरगुती उपाय. हेलिकॉप्टरमध्ये टेकायला भिंत नसते.

त्यात आणखी एक भर. फिरण्याची सुरुवात फार हळू झाली, तर या नलिकांना ती कळतच नाही. हेलिकॉप्टर हळूहळू कलत गेले तर कान गप्प राहतो. मग वैमानिकाने ते झटकन सरळ केले, की कान जागा होऊन ओरडतो, ‘उलट्या बाजूला कललो!’ शिकाऊ वैमानिक अशा वेळी सरळ झालेले हेलिकॉप्टर पुन्हा पहिल्या, चुकीच्या बाजूला कलवतो, कारण त्याला तेच सरळ वाटत असते.

अंतर्कर्णात चुन्याच्या अतिसूक्ष्म खड्यांचा आणखी एक अवयव आहे. तो डोके किती झुकले आहे हे सांगतो. पण डोके मागे झुकणे आणि शरीराला पुढे वेग मिळणे यांतला फरक त्याला कळत नाही, कारण दोन्हींत ते खडे मागेच सरकतात. अंधारात समुद्रावरच्या तेलविहिरीच्या फलाटावरून हेलिकॉप्टर वेगाने पुढे निघाले, की वैमानिकाला वाटते नाक वर चालले आहे. ते खाली दाबण्याची ऊर्मी होते. खाली पाणी असते.

कानाच्या या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कानात कोमट आणि थंड पाणी सोडून तोल तपासण्याची त्यांची पद्धत चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ आजही वापरतात. त्यांच्याच नावाची गोल फिरणारी खुर्ची वैमानिकांच्या प्रशिक्षणात वापरली जाते. डोळे बांधून खुर्चीत बसवायचे, हळूहळू फिरवायचे आणि विचारायचे, ‘कोणत्या बाजूला फिरतो आहेस?’ थोड्या वेळाने आत्मविश्वासाने दिलेली उत्तरे चुकू लागतात. बघणारे हसतात, पण बसलेल्याला जन्मभराचा धडा मिळतो.

डोळे मिटले की

मग एरवी आपण पडत का नाही? कारण तोल सांभाळण्याचे काम एकट्या कानाचे नाही. डोळे, कान आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव असे तीन साक्षीदार असतात. मेंदू तिघांचे ऐकून निकाल देतो. त्यात सर्वांत वजनदार साक्ष डोळ्यांची. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर उलटी लटकणारी मुले पाहिली तर कान आणि स्नायू सरावाने किती तयार होऊ शकतात ते दिसते. पण साधी कसोटी घरीही करता येते. एका पायावर वृक्षासनात उभे राहा आणि डोळे मिटा. उघड्या डोळ्यांनी सहज जमलेले आसन काही क्षणांत डळमळू लागते. (ज्येष्ठांनी हा प्रयोग करू नये, इतरांनीही भिंतीजवळच करावा.)

ढगात किंवा धुक्यात शिरलेल्या वैमानिकाचे असेच होते. डोळे उघडे असतात, पण त्यांना दिसण्यासारखे काही नसते. मुख्य साक्षीदार गप्प होतो आणि खटला कानाच्या हाती जातो.

ही गोष्ट किती लवकर घडते? १९५४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या २० जणांना विमानात ढगासारखी परिस्थिती निर्माण करून उडवायला दिले. सुरक्षेसाठी शेजारी प्रशिक्षक होताच. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र आशेची होती. थोडेसे नेमके प्रशिक्षण दिल्यावर तेच लोक विमान सुरक्षितपणे वळवून ढगाबाहेर आणू लागले.

तो प्रयोग विमानाचा होता. हेलिकॉप्टरचे काम आणखी अवघड. नीट तोललेले विमान हात सोडला तरी काही काळ सरळ जात राहते. प्रशिक्षणातले छोटे हेलिकॉप्टर तसे राहत नाही. डाव्या हातात उंची सांभाळणारा दांडा, उजव्या हातात दिशा आणि कल सांभाळणारा दांडा, दोन्ही पायांखाली शेपटीच्या पंख्याची पेडल. एक हलवले की बाकीची दोन जुळवून घ्यावी लागतात. शिकणाऱ्याचे पहिले कित्येक तास नुसते एका जागी तरंगत राहण्यात जातात.

दीड सेकंदाचा धडा

शरीराशी दुसरे भांडण इंजिन बंद पडल्यावर होते. इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असा समज आहे. तो बरोबर नाही. महोगनीचे पंखवाले बी झाडावरून सुटले की भिरभिरत, सावकाश खाली येते. हेलिकॉप्टरचा पंखाही इंजिनाशिवाय, खालून येणाऱ्या हवेने फिरत राहू शकतो. मग वैमानिक पुरेसा वेग राखत खाली येतो, जमिनीजवळ नाक वर घेऊन वेग मारतो आणि पंख्यात साठलेल्या शक्तीवर अलगद टेकतो.

मात्र त्यासाठी डावा दांडा लगेच खाली करावा लागतो. काही हलक्या हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. त्यानंतर पंख्याची गती इतकी घटते, की ती परत मिळत नाही. आणि शरीराची उपजत प्रतिक्रिया नेमकी उलटी असते. खाली पडतो आहोत असे वाटले, की माणूस हातातली वस्तू वर ओढतो. म्हणून प्रशिक्षक हा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात. विचार करायला वेळ नसतो, तिथे सवयच कामाला येते.

जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘रॉबिन्सन आर-२२’ या दोन आसनी हेलिकॉप्टरच्या अपघातांनंतर अमेरिकेने १९९५ मध्ये त्यासाठी खास नियम केला. पंख्याची गती घटणे, शरीर क्षणभर हलके वाटते अशा अवस्थेत दांडा चुकीचा हलवणे, अशा धोक्यांचे शिक्षण सक्तीचे झाले. आर-२२ वर नव्याने शिकणाऱ्याने प्रशिक्षकासोबत किमान २० तास उडल्याशिवाय एकट्याने उडायचे नाही, अशी अटही घातली गेली. यंत्र तेच राहिले, बदलायचा होता तो माणसाचा हात.

याच कारणाने विद्यार्थ्याला आणखी एक सवय लावतात. उडताना सतत खाली पाहत राहायचे, ‘आत्ता इंजिन बंद पडले तर कुठे उतरू?’ शेतावरून जाताना हा प्रश्न सोपा असतो. परळ-लालबागवर नजर टाका. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे, त्यांच्या पायथ्याशी चाळी, मधून उड्डाणपूल आणि रेल्वेच्या तारा. उतरायला जागा कुठे? महालक्ष्मीचे रेसकोर्स, एखादे मैदान, नाहीतर समुद्र. दाट वस्तीवरून जाताना पुरेशी उंची राखली पाहिजे, हा नियम त्यासाठीच आहे. उंची म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे जागा निवडण्याची संधी.

नियमांचे पुस्तक काय सांगते

भारतात वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीसीए’ देते. १९३४ च्या जुन्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवान्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी विद्यार्थी परवाना. मग खासगी परवाना. त्यासाठी वय किमान १७ आणि उड्डाणाचे किमान ४० तास लागतात. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८, भौतिकशास्त्र आणि गणितासह बारावी, आणि हेलिकॉप्टरसाठी साधारणतः १५० तास. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक ज्ञान यांच्या लेखी परीक्षा वेगळ्या.

विद्यार्थ्याला प्रशिक्षकाच्या परवानगीशिवाय एकट्याने उडता येत नाही आणि एकट्याच्या सरावात मित्राला शेजारी बसवून नेता येत नाही. पहिली बंदी कौशल्यासाठी, दुसरी मोहासाठी. कोणी पाहत असले की माणूस थोडे जास्त धाडस करतो.

वैद्यकीय तपासणी ही यातली महत्त्वाची चाळणी. सुरुवातीला दुसऱ्या वर्गाची, व्यवसायासाठी पहिल्या वर्गाची. दृष्टी, रंग ओळखणे, कान, हृदय, रक्तदाब, साखर असे सगळे पाहिले जाते आणि ठरावीक काळाने पुन्हा पाहिले जाते. पण तपासणीच्या दिवशी तंदुरुस्त असलेला माणूस उड्डाणाच्या दिवशी तसा असेलच असे नाही. म्हणून विद्यार्थ्याला रोज स्वतःला विचारायचे सहा प्रश्न शिकवतात. आजारी आहे का? औषध घेतले आहे का? मनावर ताण आहे का? मद्य घेतले होते का? झोप पुरेशी झाली का? पोटात काही आहे का?

यातला औषधाचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षित. सर्दीवर कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेल्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. सर्दीने कान आणि घसा यांना जोडणारी नळी बंद असेल, तर खाली उतरताना कानात तीव्र दुखते, कधी गरगरते. मद्याचा नियम तर स्पष्ट आहे. उड्डाणाआधीच्या १२ तासांत थेंबही नको. मद्य अंतर्कर्णातल्या द्रवाच्या आणि पेशींच्या नात्यावरही परिणाम करते. रात्री अंथरुणावर पडल्यावर खोली फिरते ती त्यामुळेच.

समुद्र शिकवतो

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडले आणि हेलिकॉप्टर ही तिथल्या कामगारांची जणू बस झाली. या वाटेने मुंबईला बरेच काही शिकवले आहे, आणि त्याची किंमतही मोठी होती.

४ नोव्हेंबर २०१५ रोजी संध्याकाळनंतर तेलक्षेत्राजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. त्यात प्रवासी नव्हते. दोन वैमानिक होते आणि ते रात्री उतरण्याचा सराव करत होते. दोघेही परतले नाहीत. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात पडून दोन वैमानिक आणि तेल कंपनीचे पाच अधिकारी अशा सातही जणांचा मृत्यू झाला. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ नऊ जणांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर पाण्यावर उतरले. पाच जण वाचले, चौघे दगावले.

प्रत्येक अपघाताची कारणमीमांसा वेगळी असते. पण पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरचा स्वभाव एक असतो. इंजिन आणि पंखा वर असल्याने ते बहुधा उलटे होते. आत बसलेल्याच्या नाकात पाणी शिरते, वर-खाली कळेनासे होते. पुन्हा तेच, कान आणि डोळे दोन्ही निकामी. म्हणून तेलक्षेत्रावर जाणाऱ्यांना बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हेलिकॉप्टरच्या आकाराचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात. धडा साधा आहे. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, तो सोडायचा नाही. सांगाडा स्थिर होईपर्यंत पट्टा काढायचा नाही, नाहीतर शरीर तरंगत भलतीकडे जाते. पट्टा निघाला की हात जिथे आहे तिकडे जायचे. डोक्याला काही कळले नाही तरी हाताला वाट ठाऊक असते. गोव्यात अशा प्रशिक्षणासाठी ओएनजीसीचे सागरी बचाव केंद्र ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाले.

अनुभवी माणूसही फसतो

‘हे नवशिक्यांचे दुखणे’ असे समजू नये. २६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅलाबासस येथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची मुलगी आणि इतर सात जण हेलिकॉप्टर अपघातात गेले. वैमानिकाकडे ८ हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. ढगात शिरल्यावर त्याने नियंत्रकाला सांगितले, की आपण वर चढतो आहोत. त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चालले होते. बघून उडण्याचे नियम लागू असताना ढगात जाण्याचा निर्णय आणि त्यातून झालेला दिशाभ्रम, असा निष्कर्ष तिथल्या चौकशी मंडळाने काढला. हवामान बिघडूनही पुढे जाण्याच्या, वैमानिकाने स्वतःवर घेतलेल्या दडपणाचीही त्यात नोंद आहे.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याच्या बावधनजवळ जुहूला यायला निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तिघांचा मृत्यू झाला. त्या सकाळी परिसरात धुके होते.

म्हणून विद्यार्थ्याला दोन गोष्टी एकाच वेळी शिकवल्या जातात. पहिली, चुकून ढगात शिरलाच तर डोके स्थिर ठेव, खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकू नकोस, नजर कृत्रिम क्षितिजावर आणि काट्यांवर ठेव, आणि शरीर काहीही म्हणाले तरी काट्यांवर विश्वास ठेव. बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून याचा सराव घेतात. कधी प्रशिक्षक विद्यार्थ्याला डोळे मिटायला लावतो, हेलिकॉप्टर वेडेवाकडे करतो आणि मग म्हणतो, ‘आता सरळ कर.’

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि अधिक कठीण. ढगाच्या आधीच मागे फीर. शक्य असेल तर उतर. मोकळ्या शेतात उतरता येणे ही हेलिकॉप्टरची खरी ताकद आहे. काट्यांवर उडण्याचा थोडा सराव म्हणजे ढगात जाण्याचा परवाना नव्हे. तो बाहेर पडण्यापुरताच आहे.

मागे फिरायला शिकवणारा तास परवान्याच्या तासांत मोजला जातो, पण त्याची खरी परीक्षा पुढे नोकरीत होते. मागच्या आसनावर घाईतला प्रवासी असतो. कोणाला सभा गाठायची असते, कोणाला लग्नाचा मुहूर्त, कोणाला केदारनाथचे दर्शन. ‘एवढ्याशा धुक्याने काय होते?’ हा प्रश्न तेव्हाच ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर आता वाचकांकडे आहे. एवढ्याशा धुक्यात १७८ सेकंदांत काय होते ते आपण पाहिले. हेलिकॉप्टरमध्ये बसण्याची वेळ आली आणि वैमानिक म्हणाला, ‘आज हवा ठीक नाही, थांबू या,’ तर त्याच्याशी वाद घालू नये. पैसे परत मिळतात, मुहूर्त दुसरा काढता येतो. नाही म्हणणारा वैमानिक घाबरट नसतो. आपले कान आपल्याला फसवू शकतात, हे तो नीट शिकलेला असतो.